साखरेत ताठ केलेली पर्स

रविवार, १० ऑगस्ट

काल जे घडलं ते आधी क्रमाने. मतं नंतर.

१. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, कोन्रादची, आई सेवेरिनाबाई संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. शनिवारी संध्याकाळी कातोवित्से शहरात त्याचा समारंभ झाला. आधी वादन, मग बागेत जेवण. हवा दमट होती.
२. मी क्रोशाने विणलेली पर्स त्यांच्या मनगटाला होती.
३. भाषणं चालू असताना पर्सवर एक गांधीलमाशी बसली. मग बऱ्याच बसल्या.
४. पर्स त्यांच्या रेशमी पोशाखाला कमरेपाशी चिकटली. त्यांनी ती ओढली. रेशमाचे धागे सोबत आले.
५. त्यांच्या उजव्या तळहाताला डंख झाला.
६. कोन्रादने पर्स हातात घेतली, हुंगली, जीभ लावून बघितली आणि मोठ्याने म्हणाला, "साखर आहे!" सगळे हसले.
७. सेवेरिनाबाईंनी विचारलं, साखर कोणी लावली? मी म्हणाले, मी.
८. साखर मी लावली नव्हती.

आता मतं. कापडशास्त्राची पदवी घेतलेली ही बाई, म्हणजे मी, बिएल्स्कोच्या कारखान्यात रोज मोटारींचे सीटबेल्ट तुटेपर्यंत ताणते आणि कुठे तुटले ते लिहून ठेवते. तिने ही पर्स विणल्यावर तिच्यात पिठाच्या पुड्या भरून खुंटीला टांगली, कडी किती ताणते ते बघितलं. पण नंतर आईने पातळ कागदात गुंडाळून हातात दिलेली तीच पर्स तिने उघडून बघितली नाही. बोटांना ताठ लागली. मला वाटलं, खळ आहे.

आमच्या डोंगरात कोणत्याही बाईला विचारा, ती सांगेल: अंगावर वापरायच्या वस्तूला बटाट्याची खळ, शोभेच्या वस्तूला साखरेचा पाक. म्हणून तर गावातल्या प्रत्येक टीव्हीवर एक पांढरा क्रोशाचा हंस मान ताठ करून बसलेला असतो. किती पिढ्या अक्कल खर्च करून या बायकांनी काय मिळवलं, तर हंस.

आज सकाळी आईला विचारलं.

"पर्सला काय लावलंस?"

"साखर. का गं?"

"खळ का नाही?"

"खळ टेबलक्लॉथला. त्या पर्सवरचे विणलेले दाणे खळीने बसले असते खाली. आता बघ, कपाटात वर्षानुवर्षं अश्शी उभी राहील."

"पर्स आहे ती. हातात घेऊन फिरायची."

आई हसलीच. "हातात? ती? वेडी आहेस का! असलं काम हातात घेऊन कोण फिरतं? मी तर हात धुतल्याशिवाय शिवले नाही तिला. त्या मोठ्या घरात काचेचं कपाट असेल की नाही?"

"आहे."

"मग!"

काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं, सगळ्यांनी बघितली का? मी म्हटलं, सगळ्यांनी. जवळून? अगदी जवळून. यातलं काहीही खोटं नाही.

दोष मी अंगावर का घेतला, तर वेळ वाचावा म्हणून. 'माझ्या आईने' म्हटलं असतं की मग आई कोण, कुठली, काय करते, कपाटाचं काय आणि हंसाचं काय, हे सगळं त्या बागेत उभं राहून सांगावं लागलं असतं. 'मी' म्हणायला एकच अक्षर लागतं.


सोमवार, ११ ऑगस्ट

कोन्रादचा फोन.

"कशी आहेस, साखरराणी?"

"हात कसा आहे?"

"ममाचा? पावासारखा टम्म. पियानोला हात लावता येत नाही, घरात नुसती शांतता. बाकी मी आज ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. लोक लोळले हसून. इंजिनीअर बाई, आणि साखर!"

कोन्रादला माझं न बोलणं चालतं. मी त्याच्याशी लग्न करते आहे त्याचं ते एक कारण आहे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा तो आमच्या प्रयोगशाळेत कसल्याशा करारासाठी आला होता आणि काम झाल्यावरही बेल्ट तुटताना बघत उभा राहिला. निघताना म्हणाला, तुटायच्या आधी ते एक क्षण गातात. हे त्याच्याआधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

"ऐक ना," तो म्हणाला. "ममा म्हणते, लग्नाचं जरा पुन्हा बघू या."

"काय बघायचं?"

"तुमचं चर्च, मग तो अग्निशमन दलाचा हॉल, मग ते टोपीचं नाटक. तिला आता तेवढं झेपणार नाही. आपण इथेच नोंदणी कार्यालयात करू. तारीख तीच, वीस सप्टेंबर. मग जेवण, घरचीच दहाबारा माणसं."

"माझी आई?"

"अगं, ती अवघडून जाईल इथे. तिच्यासाठीच म्हणतोय. वसंतात तुमच्या गावात मोठी मजा करू, अकॉर्डियन, नाच, सगळं. आणि तूच म्हणायचीस ना, तो तमाशा नको म्हणून?"

हे खरं आहे. मी म्हणत आले आहे. आमच्याकडे लग्नाच्या रात्री गावातल्या बायका नवरीला स्टुलावर बसवतात, डोक्यावरचा फुलांचा गजरा उतरवतात आणि लग्न झालेल्या बाईची टोपी चढवतात. टोपीची कपाळावरची पट्टी क्रोशाची असते आणि ती आईने विणायची असते. नवरीने टोपी दोनदा फेकून द्यायची आणि तिसऱ्यांदा मान खाली घालायची. सगळ्यांना माहीत असतं की तिसऱ्यांदा ती मान खाली घालणार, तरी दर वेळी बायका श्वास धरून उभ्या राहतात आणि मग रडतात. सुशिक्षित माणसाने करावी अशी ही गोष्ट नाही.

मी हो म्हटलं. प्रस्तावात तर्काची चूक नव्हती.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि ममाला दुसरी पर्स हवी आहे. काळी. आणि प्लीज, या वेळी स्वयंपाकघर वगळून."


बुधवार, १३ ऑगस्ट

काळा धागा आणला. पीळ चांगला, चमक जास्त, म्हणजे सेवेरिनाबाईंना आवडेल. त्यांना पुष्कळ गोष्टी 'मोहक' वाटतात: आमचे डोंगर, आमची बोली, मी. माझ्या पहिल्या पर्सलाही त्या 'मोहक हस्तकला' म्हणाल्या होत्या, माश्या येण्याआधी.

बूड गोल, घट्ट, मुक्या खांबांचं, म्हणजे बुटक्या टाक्यांचं. बाजू चढवताना दर चौथ्या घरात एक दाणा: एकाच घरात पाच खांब घालायचे, सुई काढून पहिल्या खांबाच्या डोक्यातून आणायची आणि आवळायचं, की फुटाण्यासारखा दाणा बाहेर येतो. पुढच्या फेरीत दाणे एक घर सरकवायचे. दाण्यांच्या तिरक्या ओळींमधून उठावाचे खांब एकमेकांना ओलांडत जातात. अंधारातही बोटांना नक्षी कळते. इथल्या बायका हे अंदाजाने करतात आणि प्रत्येक दाणा वेगळ्या मापाचा निघतो, मग त्याला त्या 'जीव आहे' म्हणतात. मी आधी आलेख काढते.

हेर्मिना मावशी आली होती. ती आमची नात्याने कोणी नाही, कुंपणाने मावशी आहे. आई आणि ती खिडकीपाशी बसून विणत होत्या.

"काय गं इंजिनीअरीणबाई, कागद बघून विणतेस? चर्चमध्येही कागद नेणार का, 'हो' म्हणायच्या वेळी?"

"मावशी, तुमची ओळ तिरकी जातेय."

"जाऊ दे. मीही तिरकी चालते. अठ्ठेचाळीस वर्षं चालतेय, अजून पडले नाही."

आई धागा घेऊन माझ्या मागे उभी राहिली आणि तो माझ्या कपाळाभोवती फिरवून तिने गाठीने माप धरलं. तिच्या बोटांना साबणाचा वास येत होता.

"हलू नकोस. बाबांचं कपाळ आहे तुझं."

"मोठं," मावशी म्हणाली. "आत सगळी गणितं."

"मधे काय घेऊ? नेच्याची पानं की गुलाब? गुलाब तुझ्या आत्याच्या टोपीला होता, पण मी पाकळ्या बदलेन. सारखं कोणाचं करायचं नाही."

"काहीही घे."

"काहीही नसतं टोपीत. सांग ना."

"पानं."

ती खूश झाली. पट्टीची पहिली चकती तिने तिथेच सुरू केली.

नोंदणी कार्यालयाचं आईला अजून सांगितलेलं नाही. नीट वेळ मिळाला की सांगेन.


गुरुवार, १४ ऑगस्ट

काल विणलेलं सगळं उसवलं. टाके आवळले गेलेत, सुई शिरत नाही. काळ्या धाग्याचा दोष.

आई जाता जाता म्हणाली, "हात आवळलाय तुझा. काय झालंय?"

धागा बदलला. तोही तसाच.


शुक्रवार, १५ ऑगस्ट

चर्चच्या सणाची सुट्टी. सकाळी बायका वनस्पतींच्या जुड्या घेऊन चर्चमध्ये गेल्या, फादरनी त्यांच्यावर पाणी शिंपडलं, आता वर्षभर गवताला पावित्र्य आलं. दुपारी कोन्राद जेवायला आला. फुलं आणली, दोन गुच्छ, आईला मोठा. हेर्मिना मावशीच्या हाताचं चुंबन घेतलं. ती दिवसभर तो हात सगळ्यांना दिसेल असा धरून बसली होती.

आईने कोंबडीचं सूप केलं होतं, घरच्या शेवया घालून. पहिल्याच चमच्यानंतर कोन्रादने गोष्ट सांगायला घेतली. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याला वाटलं, मी लाडात आले आहे. त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि सांगत राहिला.

तो गोष्ट चांगली सांगतो. आठवड्याभरात ती आणखी चांगली झाली आहे. आता त्यात माश्यांचा थवा आहे, शहराचे कोणी मोठे साहेब टेबलाखाली गेले आहेत आणि ममा एका हाताने पर्स सोडवते आहे, दुसऱ्या हाताने टाळ्यांचा स्वीकार करते आहे. त्याने टेबलावरचा रुमाल कमरेला लावून ते करून दाखवलं.

"आणि मग मी चाटून बघतो, तर काय? साखर! काकू, तुमच्या मुलीने, पदवीधर इंजिनीअरने, रेशमी पोशाखावर न्यायच्या पर्सला साखरेचा पाक लावला!"

मावशी हसत होती ती थांबली. आईने सुपाचा डाव खाली ठेवला.

"साखर मी लावली," ती म्हणाली.

"काय म्हणालात काकू?"

"मी लावली. व्हेरोन्का तेव्हा बिएल्स्कोला होती. तिला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, कपाटात ठेवतील."

"कोणालाही वाटलं असतं," मावशी म्हणाली. "मीही साखरच लावली असती. दोनदा."

कोन्रादने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळत गेला. ते बघायला मला वेळ मिळाला, कारण तो हळूहळू उजळला. "देवा रे! काकू, हे आधी नाही का सांगायचं! ममाला वाटतंय, एवढी शिकलेली मुलगी आणि एवढंही कळू नये? तिला सुनेची काळजी लागली आहे! तुमच्याकडून झालं म्हणजे काय, समजण्यासारखं आहे. काही प्रश्नच नाही!"

हे तो मनापासून म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. आईच्या खांद्यावर हात ठेवून तो फोन करायला अंगणात गेला. खिडकी उघडी होती.

"ममा, ती नव्हतीच! तिची आई... हो, आई... नाही नाही, व्हेरोनिकाला माहीतच नव्हतं... हो ना, मी म्हटलंच होतं... बरं. बरं, विचारतो."

आत येऊन तो बसला, शेवया चमच्यावर गुंडाळल्या आणि म्हणाला, "मिटलं. ममा म्हणते, काकूंनी फक्त एकदा येऊन सॉरी म्हणावं, दोन मिनिटं. तिला समोर म्हटलेलं आवडतं. आणि मग नोंदणी कार्यालयाच्या जेवणाला काकूंचीही एक खुर्ची ठेवू या."

"कुठल्या जेवणाला?" आईने विचारलं.

कोन्राद माझ्याकडे वळला. "तू सांगितलं नाहीस?"

"खुर्ची घरून आणायची का जावईबापू," मावशी म्हणाली, "की तिथे मिळेल?"

"बटाटे जळतील," आई म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. चुलीवर काही नव्हतं. ती बराच वेळ तिथे पाठमोरी उभी होती, आणि आम्ही तिघं जेवत होतो, कारण दुसरं काय करायचं ते कोणाला सुचलं नाही.

गाडीपाशी कोन्रादने विचारलं, "चिडलीस का?"

"नाही."

"मग झालं तर. किती गोड आहे गं तुझी आई. एकदम खरी."

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. नंतर लक्षात आलं की मी हातही हलवला होता.


शनिवार, १६ ऑगस्ट

आज धागा नीट चालतोय. पर्स जवळजवळ झाली. फक्त चाप शिवायचा आहे.

आई दिवसभर बोलली नाही असं म्हणता येणार नाही. ती कोंबड्यांशी बोलली. संध्याकाळी माझ्यासमोर बसली.

"तू 'मी' का म्हणालीस? तिथे, त्यांच्यासमोर."

"सोपं होतं."

"बरं." तिने टेबलावरचे धाग्याचे तुकडे गोळा केले. "ते ऑफिसातलं लग्न. तुला तसं हवंय का?"

"मी हो म्हटलंय."

"ते नाही विचारलं."

मी म्हटलं, मला चाप शिवायचाय, उजेड जाईल. ती उठली, हात धुतले, पुसले आणि मगच पर्स उचलून खिडकीपाशी नेली. फिरवून फिरवून बघितली. दाण्यांवरून अंगठा नेला, वरून खाली, आडवा.

"सगळे सारखे," ती म्हणाली. "एकही लहानमोठा नाही. कसं गं जमवलंस?"

"कारखान्यातून आणल्यासारखी दिसते," कुंपणापलीकडून मावशी म्हणाली. तिला कुंपणापलीकडून सगळं दिसतं.

"कारखान्यात असं होत नाही. उगाच काही बोलू नकोस, हेर्मिना. मला नसतं जमलं हे. तुलाही नसतं जमलं." आणि ती पर्स घेऊन, माझी परवानगी न घेता, चार घरं दाखवायला निघून गेली. लाज म्हणून नाही. काल तिच्याच मुलीने तिला लग्नातून वगळलं आणि आज ही त्याच मुलीचे टाके मिरवत गावभर फिरते आहे. मला अशा माणसांचं काय करायचं ते कळत नाही.

सेवेरिनाबाई या पर्समध्ये लिपस्टिक आणि रुमाल ठेवतील. बस, एवढ्यासाठी.


रविवार, १७ ऑगस्ट

चर्चनंतर फादरनी मला थांबवलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, एकतीसला, ते लग्न ठरलेल्यांची नावं वाचतील; आमचं नाव यादीत आहे, काही बदल नाही ना? मी म्हटलं, कळवते. त्यांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या भुवयांवर नाहीतरी फार काम पडत नाही.

घरी आई टोपीची पट्टी विणत होती. नेच्याची पानं, पाचवी चकती.

"ती आता कशाला करतेस? नोंदणी कार्यालयात टोपी घालत नाहीत."

"घरी घालशील."

"घरी कोण घालतं?"

"कपाटात ठेव मग." आणि मग तिला एकदम हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कपाटात! साखर लावून!"

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी बाहेर जाऊन लाकडं रचली. ती आधीच रचलेली होती.


सोमवार, १८ ऑगस्ट

उठले तर आई घरात नव्हती. चर्चला घालायचा पोशाख कपाटात नव्हता. टेबलावर पिठाचे हात पुसल्याच्या खुणा होत्या.

मावशी कुंपणावर ओणवी होती. "तुझी आई बसथांब्यावर गेली. दह्याचा केक घेऊन. कातोवित्सेला, पाया पडायला. तू बस टाके मोजत."

मी मोजत बसले नाही. उताराने गेले. धावले नाही, वाटेत लोक होते.

आई थांब्यावर बाकावर बसली होती. मांडीवर कापडात बांधलेला केक, पायात लग्नाकार्याचे बूट, जे तिला लागतात.

"घरी चल," मी म्हटलं.

"बस येईल आता."

"माफी कशाची मागणार आहेस?"

"साखरेची."

"तू मुद्दाम केलं नाहीस."

"म्हणून तर मागायची. मुद्दाम केलेल्याची कोण मागतं?"

"ती तुला दारात उभं ठेवेल."

"ठेवू दे. उभी राहीन. मग तुझ्या लग्नात बसायला मिळेल."

मी तिच्या बुटांकडे बघत राहिले. टाचेपाशी तिने कापूस भरला होता.

बस आली. चालक यानेक, माझ्या वर्गातला, गणितात दोनदा नापास. दार उघडून म्हणाला, "काकू, चढा. केक पण चढवा."

"थांब रे जरा."

"तिला यायचं नाहीये," मी म्हटलं.

"ते ती सांगेल की. तू काय तिची वकील?"

बसमधले सगळे बघत होते. सोमवारच्या सकाळी खाली जाणारं अख्खं गाव. आई उभी राहिली, एक पाय पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी तिला जाऊ दिलं असतं.

मी म्हटलं, "टोपी मला तूच चढवायचीस. इथे, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मला पाहिजे."

"काय पाहिजे?" मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं.

"टोपी!" यानेकने ओरडून सांगितलं.

आईने पाय पायरीवरून काढला. केक यानेकच्या हातात दिला. म्हणाली, "मुलांना दे घरी. आज ताजा आहे."

"अभिनंदन, इंजिनीअरीणबाई!" यानेक म्हणाला आणि दार लावून खालच्या वळणापर्यंत हॉर्न वाजवत गेला. दुपारपर्यंत हे वरच्या वाडीपर्यंत पोचलं असेल. इतकं ओशाळवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

चढावर आईने माझा दंड धरला. बुटांमुळे.


मंगळवार, १९ ऑगस्ट

फोनवर कोन्राद मला हसवतो आणि मग मी हो म्हणते. म्हणून पत्र. नक्कल इथे ठेवते.

कोन्राद,

वीस सप्टेंबरला मी आमच्या चर्चमध्ये लग्न करणार आहे, आधी ठरलं होतं तसंच. नोंदणी कार्यालयाला मी हो म्हटलं होतं, ते मागे घेते. तेव्हा मी आईला विचारलं नव्हतं आणि स्वतःलाही नाही.

जेवणात माझी आई मुख्य टेबलावर, माझ्या शेजारी बसेल. रात्री ती मला टोपी चढवेल. मी ती दोनदा फेकेन आणि तिसऱ्यांदा घेईन. तुला ते नाटक वाटलं तर वाटू दे, पण त्या वेळी तू हसायचं नाहीस आणि नंतर ऑफिसात त्याची गोष्ट करायची नाहीस.

आई माफी मागायला येणार नाही. ती निघाली होती, मी थांबवलं. तुझ्या आईचा हात सुजला याचं मला वाईट वाटतं आणि पोशाखाचं जे काय होईल ते मी बघेन. पण माझ्या आईच्या खुर्चीची अट कोणी घालायची नाही. सेवेरिनाबाईंना मी वेगळं निमंत्रण पाठवते आहे. त्यांनी यावं.

शुक्रवारी तू म्हणालास, तुमच्याकडून झालं म्हणजे समजण्यासारखं आहे. तुला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, हे मला दिसलं. तुला ते आता दिसतं का, हे मला कळायला हवं. पर्सवरून मी भांडते आहे असं समजू नकोस.

मला तू यायला हवा आहेस. हे मी तुला आधी कधी म्हटलेलं नाही, तेव्हा एकदा लिहून ठेवते.

एकतीस तारखेला फादर चर्चमध्ये नावं वाचणार आहेत. तुझं नाव वाचायचं की नाही ते मला त्यांना आधी सांगावं लागेल. हो किंवा नाही, एका ओळीत चालेल, पण ती ओळ तुझी असावी, कोणाला विचारून लिहिलेली नको.

गुरुवार, २८ ऑगस्टपर्यंत उत्तर कळव.

व्हेरोनिका